धाकटीला न सांगितलेला आकडा

शाळेतून बोलावणं आलं की आई वाटेतच उत्तरं जुळवू लागते, हे कुणाला नव्यानं सांगायला नको. दोघी बहिणींतल्या थोरलीला त्या वर्षात पाचव्यांदा बोलावणं आलं होतं. ती शाळांचे स्वेटर विणणाऱ्या कारखान्यात यंत्रावर बसायची. तिनं हातातली बाही संपवली, कितव्या ओळीवर थांबली ते चिठ्ठीवर लिहिलं आणि मालकिणीच्या नजरेला नजर न देता निघाली.

"तुमचा मुलगा गुणी आहे हो," वर्गशिक्षिका म्हणाल्या. बोलावून घेऊन कौतुकानं सुरुवात केली की पुढे काय येणार हे आयांना कळतंच. "पण तो माझ्याकडे बघत नाही. नाव घेतलं की भिंतीकडे बघतो. सगळे एकदम हसले तर कान झाकून बाकाखाली जातो. आणि एकच वाक्य धरून बसतो. आज सकाळपासून 'बस आली, बस आली' चाललंय. बस कधीच येऊन गेली."

मुलाचं घरातलं नाव भिंगरी. आनंद झाला की दोन्ही पंजे फडफडवत स्वतःभोवती फिरायचा, म्हणून. सहा वर्षांचा होता, आणि वापरात असलेले शब्द चाळीसेक. घरी प्रत्येकाकडे याचं कारण तयार होतं. सासूबाई म्हणायच्या, आईच कारखान्यात, पोरानं बोलायचं कुणाशी? नवरा म्हणायचा, लाडावून ठेवलंयस. शेजारीण म्हणायची, मोबाइल दाखवता ना? थोरलीची आई म्हणायची, मुलगे उशिराच बोलतात, तू उगाच कपाळाला आठ्या घालू नकोस. कारणं निरनिराळी, आरोपी मात्र सगळ्यांत एकच.

शिक्षिकेनं एक छापील कागद पुढे केला. शहरातल्या सगळ्या शाळांमधल्या पहिलीच्या मुलांची पाहणी होणार होती. मुलाच्या आणि आईच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि एक्स नावाच्या गुणसूत्रावर, एका ठरावीक जागी, एक छोटासा तुकडा किती वेळा पुन्हा पुन्हा येतो ते मोजायचं. संमती असेल तर सही.

"निम्म्या पालकांनी नकार दिलाय," शिक्षिका म्हणाल्या. "तिघांनी तर खाली लिहून पाठवलं, आमच्या घराण्यात तसलं काही नाही. कुणी विचारलं होतं?"

थोरलीनं सही केली. घराण्याचा विचार तिच्या डोक्यात आला नाही. पोराला काय होतंय ते कुणीतरी एकदाचं सांगावं, एवढंच तिला हवं होतं.

सहा आठवड्यांनी सांगितलं. आरोग्य केंद्रातल्या एका अरुंद खोलीत, दोन खुर्च्या आणि कागदी रुमालांचा एक डबा यांच्यामध्ये बसून समुपदेशक बाईंनी सांगितलं. बाई साठीच्या आसपासच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी आधी विचारलं, "काम काय करता?"

"स्वेटर विणते. यंत्रावर."

"मग तुम्हाला मी काय शिकवणार! नक्षीत एकच ठसा पुन्हा पुन्हा येतो ना? तसा हा तुकडा माझ्यात आहे, तुमच्यात आहे, सगळ्या माणसांत आहे. बहुतेकांत तीसेक वेळा येतो. काहींच्यात पंचावन्नच्या पुढे जातो. त्या माणसाला स्वतःला बहुधा पत्ता नसतो. पण अशी बाई आई होते तेव्हा नक्षी मुलात उतरताना ठसे वाढू शकतात. दोनशेच्या पुढे गेले की शरीर तो सगळा भागच बंद करून टाकतं. मेंदूला लागणारी एक गोष्ट मग तयार होत नाही."

"भिंगरीचा आकडा?"

"दोनशेच्या बराच पुढे. आणि तुमचा चौऱ्याण्णव."

थोरली कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे सगळे म्हणत होते ते खरंच. माझ्यामुळे."

"तुमच्यातून," बाई ठामपणे म्हणाल्या. "तुमच्यामुळे नाही. तुम्ही कारखान्यात गेलात म्हणून नाही, लाड केलेत म्हणून नाही. हे तुम्ही विणलेलं नाही. तुमच्याही हातात कुणीतरी दिलंय."

बरा होईल का, असं थोरलीनं विचारलं. बाईंनी खोटं सांगितलं नाही. हे जात नाही, म्हणाल्या. पण बोलायला शिकवणारी माणसं असतात, चित्रांचे पत्ते असतात, गोंगाटापासून लांब बाक मिळू शकतो. लवकर सुरू केलं तर मूल आपल्या वाटेनं पुष्कळ पुढे जातं. थोरलीनं पहिल्यांदाच डब्यातला रुमाल घेतला. मग बाईंनी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी ही गोष्ट लिहिली आहे.

"सख्खी बहीण आहे?"

"एक. धाकटी."

"आणि वडिलांची तब्येत?"

"हात थरथरतात. चालताना तोल जातो. वयच झालं आता."

"त्यांचाही थेंब पाठवा," बाई म्हणाल्या.

वडिलांना घरीदारी सगळे मास्तर म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी पेपर तपासले होते. आकडा लिहिलेला कोणताही कागद हाती आला की तो नीट घडी करून फायलीत लावायचा, ही त्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. कपाटात दोन फायली होत्या, एक थोरलीची, एक धाकटीची. पहिलीपासूनच्या गुणपत्रिका, पोहण्याच्या शर्यतीचं प्रमाणपत्र, गोवराच्या वेळचा तापाचा तक्ता, सगळं तारीखवार. नातवासाठी लागतोय म्हटल्यावर त्यांनी थेंब दिला आणि तीन आठवड्यांनी अहवालाचं पाकीट स्वतःच फोडलं.

"अठ्ठ्याऐंशी!" ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "या वयात वाईट नाही. तुझे किती होते?"

"चौऱ्याण्णव," थोरली म्हणाली.

"शाब्बास! बापाच्या पुढे गेलीस."

थोरलीला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. मग तिनं आपलाही अहवाल त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं. बाईंनी सांगितलं होतं तसंच, ठशांच्या भाषेत. मुलगा बापाचं एक्स घेत नाही, मुलगी घेते, प्रत्येक मुलगी. थोरली बोलत होती आणि मास्तरांच्या हातातला कप बशीवर खडखडत होता. तो हातांचा थरथराटही बहुधा त्याच आकड्यामुळे आहे, हेही तिनं सांगून टाकलं.

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे हा पेपर मी काढलाय."

"तुम्हाला तरी कुठे माहीत होतं, बाबा."

"धाकटीकडेही गेलंय मग."

"नक्की गेलंय. बाई म्हणाल्या, तिला आत्ताच सांगा. मूल व्हायच्या आधी."

आतापर्यंत दाराला टेकून ऐकत उभी असलेली आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "काही सांगायचं नाही तिला."

"आई!"

"लग्नाला दीड वर्ष झालंय. तिच्या सासूचं तोंड तुला माहीत आहे. उद्या म्हणतील, सदोष मुलगी गळ्यात मारली. आणून सोडतील दारात. एकीचं पोर असं झालं, आता दुसरीचा संसारही मोडायचा का? तिच्या भल्यासाठीच सांगते. वेळ आली की सांगू."

"वेळ कधी येणार?"

"येईल. मी आहे ना."

मास्तरांनी दोघींकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. थोरलीही गप्प बसली. तुम्ही-आम्ही त्या खोलीत असतो तर काय केलं असतं, हे, मंडळी, छातीवर हात ठेवून स्वतःला विचारा. तीन माणसांनी मिळून चौथ्याच्या आयुष्याचा निकाल लावला, आणि त्याला माया असं नाव दिलं. मास्तरांनी तेवढ्यात दोन्ही अहवालांच्या घड्या केल्या होत्या.

समुपदेशक बाईंचा फोन यायचा. "सांगितलंत?"

"सांगते. या रविवारी."

तिसऱ्या वेळी बाईंचा आवाज कडक झाला. "हे बघा, तुमच्या बहिणीचं नाव माझ्या कागदांत नाही. मी तिच्या दारात जाऊ शकत नाही. तुम्ही जाऊ शकता. तुम्हाला वाटतंय तुम्ही तिचा संसार सांभाळताय. तुम्ही तिचं ठरवणं काढून घेताय."

"तुम्हाला आमच्या घरचं माहीत नाही, बाई."

"मला दीडशे घरं माहीत आहेत," बाई म्हणाल्या. "सगळी म्हणतात, आमच्या घरचं तुम्हाला माहीत नाही."

आणि असं नाही की थोरलीला संधी मिळाली नाही. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दोन थांबे पलीकडे राहायची, दर रविवारी माहेरी यायची, थोरलीही भिंगरीला घेऊन तिथे असायची. जिभेला धार, पण मन निर्मळ. भिंगरीला तिच्याइतकं कुणी हसवत नसे. ती त्याच्याकडे न बघता, पाठीला पाठ लावून बसायची आणि त्याचंच वाक्य त्याला परत म्हणून दाखवायची. एका रविवारी ती म्हणाली, "ताई, आम्ही ठरवलंय. आता मूल होऊ दे म्हणतो."

थोरलीचा चेहरा उतरला.

"असं काय तोंड करतेस? मूल म्हटलं मी, मूळव्याध नाही!"

थोरलीनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते. आतून आईनं हाक मारली, "थोरले, जरा इकडे ये गं," आणि ती गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "कोणता रंग आवडेल तुला? पहिला स्वेटर मी विणणार."

"पिवळा," धाकटी म्हणाली. "काही झालं तरी चालतो."

थोरलीनं तो यंत्रावर नाही, हातानं विणला. जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, भिंगरीच्या बोलण्याच्या वर्गाबाहेरच्या बाकावर. प्रत्येक टाक्याला मनाशी म्हणायची, हा झाला की सांगते. बाह्या झाल्या, गळा झाला, बटणं लागली. आपल्याला गप्प राहायचं असेल तर हात किती सुंदर काम करतात!

सात महिने गेले. धाकटीला चौथा महिना लागला होता. दुकानात बाळंतपणाच्या रजेच्या अर्जासाठी जन्मतारखेचा दाखला हवा होता, तो घ्यायला ती कामाच्या दिवशी माहेरी गेली. आई बाहेर होती. मास्तरांनी थरथरत्या हातांनी कपाट उघडलं आणि कोणती फाइल कुणाची हे न बघता दोन्ही तिच्या मांडीवर ठेवल्या. धाकटी हसत पानं उलटत गेली. थोरलीचे चौथीतले गणिताचे गुण, पोहण्याचं प्रमाणपत्र, सगळं. शेवटच्या पानावर अहवाल होता. आकडा चौऱ्याण्णव. खाली बाईंच्या अक्षरात दोन ओळी: सख्ख्या बहिणीनं गर्भधारणेआधी अवश्य भेटावं. त्याखाली तारीख.

"बाबा, हे काय आहे?"

मास्तर आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून शिकवत आले होते. त्यांनी सांगितलं.

धाकटी घरी गेली नाही. कारखान्यात आली. वीस यंत्रं चालू होती. शेजारच्या बाईशीही ओरडून बोलावं लागतं असा आवाज. थोरलीनं मान वर केली तर समोर धाकटी उभी, हातात तो कागद.

"ही तारीख वाच!"

"धाकटे, बाहेर चल. इथे—"

"का? बायका ऐकतील? वाच म्हणते ना!"

शेजारच्या बाईनं यंत्र बंद केलं. मग पलीकडच्या दोघींनी. आवाज उतरत उतरत शेवटी अख्खी खोली गप्प झाली.

"सात महिने," धाकटी म्हणाली. आता ओरडायची गरज नव्हती, तरी ती ओरडतच होती. "सात महिने तुला माहीत होतं. मी तुला येऊन सांगितलं, आम्ही ठरवतोय. तू मला रंग विचारलास, ताई! रंग!"

"आई म्हणाली, तुझ्या सासरी..."

"आईचं राहू दे. आई घाबरट आहे, हे आपण लहानपणापासून ओळखतो. तू कशी गप्प बसलीस? तुला माहीत होतं हे काय असतं. तू त्याच्या मागे धावतेस, तू त्याचे कान झाकतेस. मला कुणी नसतं सांगितलं तर चाललं असतं, पण तू!"

"माझी हिंमत झाली नाही," थोरली म्हणाली. "तुझं घर मोडेल असं वाटलं."

"मी मूल ठेवलं असतं की थांबले असते, आधी तपासणी केली असती की देवावर सोडलं असतं, मला नाही माहीत. पण ते मी ठरवलं असतं. मी आणि माझा नवरा. तुम्ही तिघांनी चहा पीत ठरवलंत." तिचा आवाज फाटला. "भिंगरीबद्दल मला काडीची लाज वाटत नाही, कळलं? लाज तुम्हाला वाटते. म्हणून तुम्ही लपवलंत."

ती निघून गेली. कागद यंत्रावरच राहिला. बायका एकमेकींकडे बघत होत्या. कुणीही पुन्हा यंत्र सुरू करेना. शेवटी मालकीण म्हणाली, "जा घरी आज."

पुढचे दिवस थोरलीला कुणाकडून तरी कळत राहिले. धाकटीचा आकडा निघाला नव्वद. पोटातल्या पाण्याची तपासणी ठरली. सुई आत घालायची, त्यातही थोडा धोका, आणि मग तीन आठवडे वाट बघायची. तिच्या नवऱ्यानं कागद दोनदा वाचला आणि रजा टाकून तिच्याबरोबर गेला. आणि ती सासू, जिच्या भीतीनं सगळं दडवलं, तिनं दोन लागणारे शब्द बोलून घेतले, एक दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी सुनेच्या उशाशी चहा आणून ठेवला. ज्या वादळासाठी दारं-खिडक्या बंद केल्या ते आलं ते एवढंच!

थोरलीनं त्या तीन आठवड्यांत अकरा वेळा फोन केला. धाकटीनं एकदाही उचलला नाही.

निकाल आला. निम्मी शक्यता होती, आणि त्यातली चांगली बाजू लागली: बाळाकडे आईच्या दोन एक्सपैकी दुसरी, साधी प्रत आली होती. तीस ठशांची. बाळ सुटलं.

आईनं सुटकेचा निःश्वास टाकला. संध्याकाळी थोरलीच्या घरी आली, खुर्चीत बसली, पदरानं मान पुसली. "झालं ना नीट? मी म्हणत नव्हते? सांगितलं असतंस तर पोरीनं सात महिने आधीपासून झुरायला सुरुवात केली असती. उगीच कारखान्यात तमाशा केला."

भिंगरी फरशीवर चित्रांचे पत्ते ओळीनं मांडत होता. थोरली त्याच्याकडे बघत होती. 

"नीट झालं नाही, आई!" ती उभी राहिली. "सुटलो आपण! यात तुझं-माझं शहाणपण काडीचं नाही. नाणं पडलं ते चांगल्या बाजूनं पडलं, एवढंच! आणि तू त्याला शाबासकी मागतेस?"

"हळू बोल, शेजारी..."

"बाबांना हे कुणाकडून आलं? आजीकडून. मग आत्याकडेही आलेलं असू शकतं. आत्याला दोन मुली आहेत. त्यांना कोण सांगणार? पुन्हा नाणंच उडवायचं?"

"दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसू नकोस!"

थोरलीनं आईच्या समोरच फोन लावला.

आत्या दुसऱ्या गावी राहायची. तिच्या थोरल्या मुलीला एक मुलगा, तो कुठल्याशा निवासी शाळेत शिकतो असं सगळ्यांना माहीत होतं. धाकट्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. थोरलीनं एका दमात सगळं सांगितलं. भिंगरी, मास्तर, आकडे, धाकटी. 

"आत्या? ऐकू येतंय ना?"

"येतंय गं." आवाज अगदी बारीक. "मला माहीत आहे ते."

"काय माहीत आहे?"

"आमच्या नातवाचं तसंच आहे. पंधरा वर्षांचा झाला. निवासी शाळा वगैरे काही नाही. मागच्या खोलीत असतो. नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. म्हणाले होते, भावालाही कळवा, त्याला मुली आहेत."

थोरलीनं मनात हिशेब केला. नऊ वर्षं. तिच्या लग्नाला आठ झाली होती.

"मग का नाही कळवलंत?"

"तुझं लग्न ठरत होतं. बोलणी चालू होती. मी म्हटलं, कशाला पोरीच्या नशिबात माती कालवा. तुझ्या भल्यासाठीच गप्प बसले गं!"

"माझं भलं तुम्ही कोण ठरवणार?" थोरली किंचाळली. भिंगरीनं दोन्ही हातांनी कान झाकले. "मी काय करायचं ते मी ठरवलं असतं! त्याला सहा वर्षं मी मारून-मुटकून बसवलं, ओरडले, हट्टी म्हटलं, आत्या! पहिल्या दिवसापासून मला कळलं असतं तर मी त्याला—"

आणि ती थांबली. हे शब्द तिचे नव्हते. वीस यंत्रांसमोर उभं राहून हेच कुणीतरी तिला सुनावलं होतं. तिच्याबाबतीत जे झालं तेच तिनं धाकटीबाबतीत केलं होतं. फक्त ती आत्याची भाची होती, धाकटी तर तिची पाठची बहीण.

फोनवर आत्या रडत होती. थोरलीनं फरशीवर बसून भिंगरीच्या पाठीला पाठ लावली आणि आवाज खाली आणला. "तुमच्या धाकटीला सांगितलंय?"

"नाही. लग्न होऊन जाऊ दे, मग..."

"तिचा नंबर द्या."

"अगं, पण..."

"आत्या, नंबर द्या. नाहीतर मी उद्याच्या गाडीनं येते."

आत्यानं नंबर सांगितला. आई उठून निघून गेली. जाताना दार जोरात लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं त्या मुलीला फोन केला. पाऊण तास बोलली. मुलगी आधी चिडली, मग रडली, मग तिनं समुपदेशक बाईंचा पत्ता मागितला. शेवटी म्हणाली, "ताई, घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मीच काय ती परकी?" 

त्याच दुपारी ती धाकटीच्या जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर गेली. बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"माफी मागायला आली असशील तर परत जा," धाकटी म्हणाली.

"नाही. सांगायला आले. तुझं आहे ते तुला द्यायला."

"काय?"

"सगळं. कुणाकडून आलं, कुणाला माहीत होतं, कुणी कधी लपवलं. लिहून आणलंय. पुढे कधी लागलं तर असावं तुझ्याकडे. दुसऱ्या वेळी बाळाचा विचार केलास तर. तुझं स्वतःचं वय वाढेल तेव्हा. या आकड्याच्या बायकांची पाळी कधीकधी लवकर जाते, तेही लिहिलंय. बाईंना विचारून."

धाकटीनं हात बाहेर काढला नाही. "वाच," म्हणाली.

"इथे?"

"इथेच."

थोरलीनं जिन्यात उभं राहून वाचायला सुरुवात केली. आजी, मोजली नाही, पण तिच्याकडून. बाबा, अठ्ठ्याऐंशी. आत्या, नऊ वर्षांपासून माहीत. समोरचं दार उघडलं. शेजारची बाई कचऱ्याची पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली. धाकटीची नजर सवयीनं तिकडे गेली. थोरलीचा आवाज खाली आला नाही. आत्याचा नातू, पंधरा वर्षांचा, मागच्या खोलीत. आत्याची धाकटी, आज सकाळी सांगितलं. मी, चौऱ्याण्णव. माझा मुलगा, दोनशेच्या पुढे. मला माहीत होतं आणि मी सात महिने माझ्या बहिणीला सांगितलं नाही.

शेजारच्या बाईनं दार हळूच लावून घेतलं.

"आत्यानं तुझ्यापासून लपवलं?" धाकटीनं विचारलं. तिला हे ठाऊक नव्हतं.

"हो."

"कसं वाटलं?"

"तुला वाटलं तसंच."

धाकटीनं साखळी काढली नाही. "मी तुला माफ केलेलं नाही, ताई."

"माहीत आहे."

"करीन की नाही, तेही माहीत नाही."

"ते तू ठरव," थोरली म्हणाली.

फटीतून हात बाहेर आला, कागद आत गेला आणि दार बंद झालं.

मंडळी, दोघी बहिणी गळ्यात पडल्या असं लिहिणं सोपं होतं. पण गप्प राहण्याचं मोल कुणीतरी भोगतं, आणि ते बहुधा ज्याच्या भल्यासाठी गप्प बसलो त्यालाच भोगावं लागतं. ते ठसे आजीकडून आले, त्यात कुणाचा गुन्हा नाही. आत्याकडून थोरलीकडे, थोरलीकडून धाकटीकडे जे आलं ते मात्र रक्तातून आलं नव्हतं. ते लाजेतून आलं होतं, आणि दर टप्प्याला वाढत चाललं होतं. भिंगरीसारखं मूल हा घराण्याला लागलेला डाग नाही. त्याला मागच्या खोलीत ठेवणं हा डाग आहे. आईला दोषी धरणं हा डाग आहे. लेकीसुनांना त्यांच्याच शरीरातली गोष्ट सर्वांत शेवटी कळणं, हा तर आपल्या सगळ्यांच्या तोंडावरचा डाग आहे!

तुमच्याही कपाटात असा एखादा घडी घातलेला कागद असेल. ज्याच्यासाठी तो लिहिलाय, त्याच्यापर्यंत तो पोचलाय का? नसेल, तर योग्य वेळेची वाट बघू नका. वेळ येत नसते. आपल्यालाच उठून तिसऱ्या मजल्यावर जावं लागतं.